देवीच्या माडातला सोंड्या

आमच्याकडे मुलगी घाटावर दिली म्हटलं की बायका आधी 'अगो बाई' म्हणतात आणि मग पाण्याचं विचारतात. माझं लग्न ठरलं तेव्हाही वाडीतल्या सगळ्या जणी येऊन पाण्याचंच विचारून गेल्या. त्यांना काय ठाऊक, की कोल्हारला प्रवरा आहे, कालवा आहे आणि नजर जाईल तिथवर ऊस आहे. पाण्याला माझ्या सासरी काही तोटा नव्हता. तोटा होता तो बोलण्याचा, आणि त्याची चौकशी करायचं कुणाला सुचलं नाही.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं ती. माझा मामा एसटीत होता, त्याची बदली नगरला झाली होती, त्यानंच हे स्थळ आणलं. मुलगा शुगर फॅक्टरीत फिटर, कायम नोकरी, स्वतःचं घर, एकुलता एक. घरात सासू, सासरे आणि एक म्हैस. माणसं साधी. मामानं सांगितलं त्यात खोटं काहीच नव्हतं. माणसं खरंच साधी होती, फक्त ती एकमेकांशी बोलत नसत. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता, त्या घराला ती सवयच नव्हती.

त्यात सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही, ही तिकडची जुनी रीत. आमच्या कोकणातही कधीकाळी असेल, पण मी आपली आईला आजोबांशी कचाकचा भांडताना बघत मोठी झालेली. इथे मात्र डोक्यावरचा पदर सावरायचा, मामंजी ओसरीवर असले की मागच्या दारानं जायचं, आणि काही सांगायचं असेल तर सासूबाईंना सांगायचं. मामंजी अंगणात उभे, मी दारात उभी आणि मध्ये सासूबाई. मी म्हणायची, गहू संपले. त्या वळून म्हणायच्या, "ती म्हनती, गहू सपलं." ते त्यांनी माझ्याच तोंडून आत्ता ऐकलेलं असायचं. मला पदराआड हसू फुटायचं.

पुढे सासूबाई काविळीनं गेल्या आणि ते हसूही गेलं. मधलं माणूसच उरलं नाही. नवरा सीझनमध्ये कधी या पाळीला तर कधी त्या पाळीला, वर ओव्हरटाइम. घरी यायचा तो जेवायला आणि झोपायला. दिवसभर घरात मामंजी आणि मी, आणि आमच्यात चकार शब्द नाही. ते ओसरीवर खाकरले की मी चहा टाकायची. कप उंबऱ्यावर ठेवून बांगड्या वाजवायच्या, मग ते येऊन उचलून न्यायचे. म्हशीच्या गळ्यात घंटा होती, माझ्या हातात बांगड्या होत्या, एवढाच काय तो फरक.

त्या घरात मला ओळखीचं एकच होतं, ते म्हणजे अंगणातला माड. लग्नाच्या टेम्पोतून उतरताना तो दिसला आणि मी जी रडायला लागले ती थांबेचना. बायकांना वाटलं, पोरीला माहेर आठवलं. बरोबरच होतं त्यांचं. सासरचे त्याला नारळाचं झाड म्हणायचे, मी मनातल्या मनात माड म्हणायची. सासूबाईंनीच तो लावला होता. एका नवरात्रात घटावरच्या नारळाला कोंब आला. देवीनं कौल दिला म्हणून त्यांनी तो नारळ न फोडता अंगणात पुरला, म्हशीच्या गोठ्यातलं खत घालून वाढवला. मी आले तेव्हा तो घराच्या पत्र्याहून पुष्कळ उंच गेला होता आणि धरायलाही लागला होता. गल्लीत सगळे त्याला देवीचं झाड म्हणत. त्याचा पहिला नारळ देवीला, शेवटचाही देवीला, मधले आम्हाला.

आता देवीचं झाड म्हटल्यावर त्याचे लाड होणारच. दर नवरात्राच्या आधी कुऱ्हाडवाला माणूस यायचा. कोकणात माडावर चढणारा पायाला दोरीचा फास घालून सरसर वर जातो, खोडाला ओरखडा उठत नाही. इथे ती कला कुणाला ठाऊक असणार? हा माणूस खोडात कुऱ्हाडीनं खाचा पाडत चढायचा, पाय ठेवायला. दर वर्षी थोड्या नव्या, थोड्या वर. शेंड्याला गेला की हिरव्यागार झावळ्या पार बुडापासून तोडायचा, कारण देवीच्या मांडवाला वाळकी झावळी कशी चालेल? मग गल्लीतली मंडळी दिव्यांची माळ टांगायला खोडात खिळे ठोकायची. आणि शेवटी मामंजी स्वतः डबा घेऊन बसायचे आणि सगळ्या खोडाला, हात पोचेल तिथवर, गेरू आणि चुन्याचे पट्टे ओढायचे. खाचा गेरूनं बुजून जायच्या. झाड कसं नव्या नवरीसारखं नटायचं, आणि मी त्या बुजलेल्या खाचा मोजत बसायची.

मी सासूबाईंना एकदा म्हटलं होतं, की आमच्याकडे माडाची हिरवी झावळी कुणी तोडत नाही. त्या म्हणाल्या, "देवीचंच हाय की. देवीला न्हाई द्यायचं तर कुनाला?" त्या गेल्यानंतरच्या नवरात्रात तर मामंजींनी झाडाचा थाट दुप्पट केला. बायकोची आठवण असेल ती. त्यांनी ती कुऱ्हाडीनं केली, एवढंच.

माझ्या बाबांची समुद्राकाठी लहानशी वाडी होती. त्यांचं एक ठरलेलं काम असे. सकाळी चहा घेतला की एकेका माडापाशी जायचं, खोडाला कान लावायचा आणि डोळे मिटून उभं राहायचं. लहानपणी मला वाटायचं, बाबा माडाला गुपित सांगतायत. विचारलं तर म्हणाले, "माड काय बोंबलत नाय गो. आपणच कान लावायचा." ते सोंड्याचा आवाज ऐकत असत. सोंड्या म्हणजे एक भुंगा, वाळक्या मिरचीच्या रंगाचा, पाठीवर काळे ठिपके आणि पुढे लांब वाकडी सोंड. दिसायला देखणा आहे मेला. माडाला ताजी जखम झाली, खाच पडली, झावळी ओरबाडली की त्या रसाचा वास त्याला लांबून येतो. मादी येते, जखमेच्या मऊ जागी सोंडेनं भोक पाडते, आत अंडी घालते. ती स्वतः माडाचं फार काही खात नाही. खातात ती पोरं. पाय नसलेल्या, गुबगुबीत, पिवळट अळ्या, तोंडं तेवढी तपकिरी आणि टणक. त्या खोडाच्या आत खातखातच पुढे सरकतात, चोथा मागे सारतात, आणि मोठ्या झाल्या की त्याच चोथ्याच्या धाग्यांचं घरटं विणून त्यात झोपतात. त्यातून निघालेले भुंगे कितीदा बाहेरही पडत नाहीत. आतच जुळतात, आतच अंडी घालतात. बाहेरून माड हिरवा, वरती नारळ लागलेले, आणि आत पिढ्यान्पिढ्या जेवतायत. बाहेर कळतं तेव्हा फार काही उरलेलं नसतं.

दिवाळी उलटून गेल्यावर एका दुपारी मी न्हाऊन केस वाळवायला अंगणात बसले होते. मामंजी नदीकडे गेले होते. उन्हाला पाठ करून माडाला टेकले आणि मला तो आवाज आला. पलीकडच्या खोलीत कुणी सावकाश ओला कडबा चावावा तसा. करर, थांबणं, पुन्हा करर. मी दचकून उठले. मग बाबांसारखा कान लावला. एक नाही, पुष्कळ जण होते. कंबरेएवढ्या उंचीवर होते, वरच्या खाचांपाशीही होते.

त्याच दिवशी मी नवऱ्याला सांगितलं. तो जेवत होता. म्हणाला, "झाडात आवाज?"

"सोंड्या लागलाय. आत्ताच औषध घातलं तर वाचेल. मामंजींना सांगा."

"अगं, माझ्या कानात दिवसरात मशीन चालू असतंय. झाडाचा आवाज काय घेऊन बसलीस." मग माझा चेहरा बघून म्हणाला, "सांगतो."

माझा नवरा वाईट नव्हता, आजही नाही. हात उगारणं सोडा, आवाजसुद्धा चढवला नाही कधी. स्टँडवर मित्रांच्यात बसला की हसून हसून लोळवायचा म्हणे सगळ्यांना. घरात आला की चप्पल बाहेर काढावी तसं बोलणं बाहेर काढून यायचा. मी आठवण करायची, तो म्हणायचा, सांगतो. पुन्हा आठवण करायची, पुन्हा सांगतो. शेवटी खरं बोलला. "आईचं झाड हाय ते. त्याला कीड लागली म्हनून आबांला कोन सांगंल? मी न्हाई सांगायचो."

तेव्हा हे माझ्याच गळ्यात आलं. आणि माझा गळा तर रीतीनं आवळलेला.

मी रोज दुपारी माडाला कान लावू लागले. मामंजी बाहेर गेले की जायचं, ऐकायचं, आवाज वाढलाय का बघायचं. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही, पण त्या आवाजाची मला सवय झाली. त्या घरात दुपारी दुसरा आवाजच नसे. लांब मनमाड रोडवरून ट्रक जायचे तेवढेच. मला त्या अळ्यांचा राग यायचा, बाबांच्या वाडीतले माड आठवून जीव तुटायचा, आणि तरी भांडी आवरली की पाय तिकडेच वळायचे. इतकं एकटं पडलेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि ती मीच होते.

मग एक दिवस मला युक्ती सुचली. लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, तसं म्हशीला बोलायचं आणि सासऱ्याला लागू द्यायचं. मामंजी ओसरीवर अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. मी म्हशीपुढे वैरण टाकता टाकता मोठ्यानं म्हणाले, "बाई गं, आपल्या माडाला सोंड्या लागलाय. आतून पोखरतोय. कुणीतरी बघायला हवं."

अडकित्ता थांबला. मला वाटलं, जमलं. मग मामंजीही म्हशीलाच म्हणाले, "म्हशे, देवीच्या झाडाला कीड लागत नसती. उगा काईबाई बोलू नगं. वैरन खा."

बिचारी म्हैस दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. असं आमचं बोलणं तिच्यामार्फत बरेच दिवस चाललं. मी तिला म्हणायची, आमच्याकडे असे कितीतरी माड गेले. ते तिला म्हणायचे, समुद्राच्या झाडाचं येगळं, हितल्या मातीचं येगळं. मी म्हणायची, कुऱ्हाडीनं खाचा पाडल्या ना, म्हणून. ते म्हणायचे, आजवर पाडल्या तवा काय झालं? गंमत म्हणजे त्या दिवसांत त्या घरात सासूबाई गेल्यापासून झालं नव्हतं एवढं बोलणं झालं. पण झाडाला त्याचा काही उपयोग नव्हता.

संक्रांतीच्या सुमाराला खोडातून रस झिरपायला लागला. दाट, तपकिरी, तांबूस. आणि तो कुणाला दिसेना, कारण खोडाला गेरू होता. गेरूवर गेरूच्या रंगाचा ओघळ. मी नखानं खरवडून वास घेतला, आंबलेल्या काकवीसारखा. भोकांतून चोथा बाहेर येत होता. तिथेच मला एक सोंड्या सापडला, पाय रोवून बसलेला. मी तो धरला, एका झाकणात घातला आणि सकाळी चहाच्या कपाशेजारी उंबऱ्यावर ठेवला. म्हटलं, आता तरी पटेल. मामंजी आले, कप उचलला, झाकणात डोकावले, टिचकीनं सोंड्या अंगणात उडवला आणि म्हशीला सांगितलं, "आता च्यासंगट किडंबी मिळाया लागलं."

मला त्या दिवशी हसावं की डोकं आपटून घ्यावं, कळेना. मी चुलीपुढे बसून दोन्ही केलं.

शिमगा आला तेव्हा माडाची मधली सुरळी, ते अजून न उमललेलं कोवळं पान, पिवळी पडली होती. बाहेरच्या झावळ्या हिरव्या, मधोमध पिवळं. बाबा म्हणायचे, मधलं पिवळं पडलं की घाई करायची, नाहीतर कुऱ्हाड आणायची. मामंजी खाली बसलेले, त्यांना वरचं काय दिसणार? ते त्या झाडाच्या सावलीतच रोज बसत. तिथेच पोथी वाचत, तिथेच डुलकी घेत. मी दारातून बघत होते. डोक्यावर शेंडा मरतोय आणि खाली हा माणूस शांत सुपारी खातोय. मला एकदम संताप आला. त्यांचा नाही, नवऱ्याचाही नाही. त्या पदराचा आला.

मी अंगणात गेले आणि त्यांच्या समोर उभी राहून म्हणाले, "मामंजी, उठा. इकडे या. कान लावा इथे."

ते इतके दचकले की पोथी खाली पडली. आधी म्हशीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांनी माझा चेहरा नीट असा तेव्हाच पाहिला असावा. मीही त्यांचा पाहिला. डोळे घारे होते. इतकी वर्षं एका घरात राहून मला ते ठाऊक नव्हतं.

ते उठले. टोपी काढली, देवळात काढतात तशी, आणि खोडाला कान लावला. बराच वेळ ते तसेच राहिले. मग कान न काढताच त्यांनी विचारलं, "ह्यो कशाचा आवाज?"

"खातायत."

"लई हायती गं."

"हो."

"कवापास्नं ऐकतीस तू?"

"दिवाळीपासून."

"मंग मला सरळ बोलली न्हाईस ती!"

"कुणाशी बोलू?" मी म्हणाले. मला ओरडायचं होतं, पण आवाज फुटला आणि रडूच आलं. "कुणाशी बोलायचं या घरात?"

मामंजींनी टोपी घातली, पायात वहाणा सरकवल्या आणि तडक स्टँडवर जाऊन श्रीरामपूरची एसटी धरली. संध्याकाळी औषधाची बाटली, पत्र्याचं नरसाळं आणि थोडं सिमेंट घेऊन आले. अंगणात सगळं मांडलं आणि अडखळत, पण सरळ मलाच म्हणाले, "देवीच्या झाडात इख घालायचं म्हंजी..."

"देवीच्या झाडात सोंड्या चालतो, आणि औषध नाही चालत?"

ते मग हसले. "तुझी जीभ लई तिखट हाय गं," म्हणाले. "सांग, काय करायचं."

पुढचे काही दिवस माझ्या त्या घरातल्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते, हे मी आज छातीवर हात ठेवून सांगते. सकाळी नवरा पाळीला गेला की आम्ही दोघं झाडापाशी. तारेचा आकडा करून भोकातला चोथा आणि हाताला लागतील त्या अळ्या ओढून काढायच्या, तोंडाला फडकं बांधून नरसाळ्यानं औषध ओतायचं, खालची भोकं आणि खाचा सिमेंटनं लिंपायच्या. वरच्यांसाठी ते शिडी धरायचे आणि मी पदर खोचून चढायची. पलीकडची म्हातारी कुंपणावरून म्हणाली, "सासरा शिडी धरतोय आन सून वर!" मामंजी म्हणाले, "मंग मी वर जाऊन पडू व्हय?" काम करता करता ते काहीबाही विचारत. समुद्राला वास येतो का? भरती म्हंजी पानी कुठनं येतं? तुझा बाप काय खातो सकाळी? मी सांगत सुटायची. मी जेवढं बोलायची तेवढं ते ऐकत राहायचे. एकदा अळी हातात धरून त्यांनी विचारलं, "हिला पाय न्हाईत. मंग ही इतकी कशी फिरली?" मी म्हणाले, "फिरत नाही. समोरचं खाते, म्हणून पुढे जाते."

औषध घातल्यावर आम्ही दोघं दोन बाजूंनी खोडाला कान लावून उभे राहायचो. मध्ये झाड. एका सकाळी काहीच ऐकू आलं नाही. मामंजींनी पलीकडून डोकं काढून विचारलं, "थांबलं?" मी मान डोलावली. त्या दिवशी मी गव्हाची खीर केली. पण दोन दिवसांनी वरून, शिडी पोचत नव्हती तिथून, पुन्हा बारीक करर ऐकू आलं. आम्ही दोघांनीही ऐकलं आणि दोघांनीही एकमेकांना सांगितलं नाही.

पाडवा झाल्यावर एका दुपारी वळवाचा वारा सुटला. धूळ उठली, पत्रे वाजले, आणि माडाचा शेंडा एकदम मान मुरगळल्यासारखा कलला. मग सगळी टोपी, झावळ्या, नारळ, सगळं धाडकन अंगणात येऊन पडलं. मामंजी गोठ्यात होते म्हणून वाचले. नुसतं खोड उभं राहिलं, वर काही नाही. पडलेला पसारा आम्ही दोघांनी गोठ्यामागे ओढला; नवरा ओव्हरटाइम करून रात्री अंधारात आला आणि सकाळी नेहमीसारखा खाली बघत गेला.

दुसऱ्या दिवशी नवरा पहिल्या पाळीला गेल्यावर मामंजींनी माणसं बोलावून खोड पाडलं. आमच्याकडे निरोगी माड पडला तर शेंड्यातला पांढरा गाभा काढून खातात, गोड लागतो. मी आशेनं बघायला गेले. गाभा नव्हताच. काळपट लगदा होता, त्याच्या वासानं माणसं मागे सरली. खोड चिरलं तर आत नुसता भुसा, आणि त्यात धाग्यांची विणलेली घरटी, करंगळीएवढी, हाताला घट्ट लागणारी. मामंजींनी एक उचलून निरखलं. "काय सुरेख इनलंय बघ," म्हणाले आणि खाली टाकून पायानं चिरडलं. माणसांनी ओंडके गाडीत भरून नेले. बुंधा खणून खड्डा बुजवला, मी वरून शेणानं सारवलं. अंगण एवढं मोठं आहे, हे मला माहीत नव्हतं.

साडेचारच्या सुमाराला नवरा आला. मी दारात उभी राहिले. मामंजी ओसरीवर होते. त्यानं मोटरसायकल रोजच्या जागेवर, माडाच्या सावलीत लावायचा तिथेच, सारवलेल्या ओल्या जमिनीवर लावली. खाली बघत हातपाय धुतले. चहा घेतला. मी वाट बघत होते. मामंजीही बघत होते, मला दिसत होतं. जणू आम्ही दोघांनी मिळून त्याची परीक्षा ठेवली होती. कप खाली ठेवून तो उठला, दारात येऊन डोळ्यांवर हात धरला.

"आज अंगनात लई ऊन येतंय," तो म्हणाला आणि गाडी काढून स्टँडवर गेला.

गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत मी तशीच उभी होते. मला रडू येत नव्हतं. आपण या घरातून एक दिवस नाहीसे झालो तरी चहा चुकेपर्यंत कुणाला कळणार नाही, हे मला लख्ख समजलं होतं, आणि त्याची भीती वाटत होती.

"त्याला दिसलं न्हाई," मामंजी म्हणाले.

"नाही."

"माझ्यावरच गेलाय." त्यांनी सुपारी काढली, कातरली नाही, हातातच धरून ठेवली. "तू यायच्या लई आदीची गोष्ट हाय. तुझी सासू पोटुशी हुती, दुसऱ्या खेपंला. दिवसभर आत पडून हुती. मूल गेलं पोटातलं. सांजच्याला शेजारची म्हातारी मला सांगाया आली, आसं आसं झालं म्हनून." त्यांनी बसल्या जागी हात टेकला. "मी हितंच हुतो. वसरीवर."

मी आत जायला हवं होतं. सासऱ्यानं असं काही सांगावं आणि सुनेनं ते ऐकत उभं राहावं, हे तिथल्या कुठल्याच रीतीत बसत नव्हतं. मी गेले नाही. त्यांच्यासमोर पायरीवर बसले आणि विचारलं, "मुलगा होता की मुलगी?"

त्यांनी मान खाली घातली.

"म्हाईत न्हाई गं," ते म्हणाले. "मी कधी इचारलंच न्हाई तिला."